बिंदू चौकात थांबतो कोण?

सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरच्या बिंदू चौकात घटकाभर उभे राहून पाहावे. अंबाबाईच्या दर्शनाला पुण्या-मुंबईहून आलेल्या गाड्या वाहनतळात शिरतात, कुटुंबे उतरतात आणि मुलांचे हात धरून देवळाची वाट धरतात. परतताना हातात प्रसाद असतो, कोल्हापुरी चपला असतात, गूळ असतो. चौकातल्या दोन अर्धपुतळ्यांकडे मान वळवणारा मात्र विरळाच.

महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे हे पुतळे भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी येथे बसले. संविधान अमलात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. थोर माणूस गेल्यावरच त्याला हार घालण्याची आपली जुनी खोड. या शहराने ती मोडली. अर्थात, करवीरला हे नवे नव्हते. १९२० साली माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले होते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेणारा हा छत्रपती!

आज काय दिसते? १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जे येथे जमतात, ते ‘त्यांचे’ लोक. एरवी चौक म्हणजे गाडी लावण्याची जागा. पुतळ्यांचीही जातवार वाटणी करून आपण मोकळे झालो आहोत. यात समरसतेची व्याख्याने मन लावून ऐकणारेही आले, हे कबूल केलेले बरे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी १९५६ साली धर्मच सोडला; मग देवदर्शनाला निघालेल्याने तेथे का थांबावे? नेमके म्हणूनच थांबावे. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, वर्षांमागून वर्षे गेली, दार उघडले नाही. शेवटी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. दार बंद ठेवणारे परके नव्हते, परकीय सत्तेच्या माथी हे पाप मारता येत नाही. ज्यांना आज देवळात सुखाने शिरता येते, त्यांनाच त्या बंद दाराचा जाब द्यावा लागणार.

आणि वेळेची सबब तर सांगूच नये. वाहनतळापासून पुतळे चार पावलांवर आहेत. मुलाने ‘हे कोण?’ म्हणून विचारलेच, तर उत्तर द्यायला दोन मिनिटे लागतील. तेवढ्याने देवीची रांग काही लांबत नाही.