ज्येष्ठांचा मान आणि मज्जेचं वय

‘मूळपेशी म्हाताऱ्या होत नाहीत, मग अस्थिमज्जेच्या दात्याला वयाची अट कशाला?’ भोपाळच्या अयोध्या नगरातल्या मराठी बैठकींत हा सवाल अलीकडे ठणकावून विचारला जातो आणि त्यावर टाळ्याही पडतात. विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पेशी स्वतःला पुन्हा घडवतात, म्हणून त्या चिरतरुण. साठीचा भाऊ चालतो, तर साठीचा शेजारी का नको? नेत्रदानाला कुठे वय लागतं? आणि धडधाकट माणसाला परत पाठवणं हा ज्येष्ठांचा अपमान. यात रुग्णाचं नाव एकदाही येत नाही, म्हणूनच हे खोडून काढणं भाग आहे.

नेत्रदानातल्या पारपटलाला जन्मभर रक्त तयार करायचं नसतं. तो मुद्दा तिथेच संपला. भावाचं म्हणाल तर 1983 साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं, त्यातही दाता भाऊच होता. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. त्या खुणा जुळल्या की वय मागे पडतं. परक्यांमध्ये सारखेच जुळणारे दोन दाते मिळाले, तर डॉक्टर तरुणालाच निवडतात.

आता चिरतारुण्याकडे वळू. रक्ताच्या एकेका मूळपेशीत वर्षाला सुमारे 17 नवे जनुकीय बदल साचतात, असं 2022 साली ‘नेचर’मधल्या संशोधनाने दाखवलं. पासष्टीपर्यंत आपलं रक्त 20 हजार ते 2 लाख मूळपेशी मिळून घडवतात. पंचाहत्तरीनंतर जेमतेम दहा-वीस पेशींचे वंश 30 ते 60 टक्के रक्त व्यापून बसतात. यांतले काही बदल पुढे रक्ताच्या कर्करोगाची वाट मोकळी करू शकतात. ‘मोजून घ्या, आमच्याकडे पेशी भरपूर आहेत,’ असंही ऐकवतात. असतीलच! मज्जेतल्या मूळपेशींचं प्रमाण वयाबरोबर वाढतंच. उतरतो तो त्यांचा कस. हाड घडवणाऱ्या मज्जापेशींचीही तीच गत. 2003 सालच्या एका प्रयोगात 18 ते 29 वयाच्या दात्यांच्या पेशी सरासरी 41 वेळा दुप्पट झाल्या; 68 ते 81 वयाच्यांच्या 24 वेळांतच थकल्या.

प्रयोगशाळेवर विश्वास नसेल, तर रुग्णांचा हिशेब घ्या. 1987 ते 1999 या काळात अमेरिकेतल्या दाता-नोंदणीमार्फत झालेल्या 6,978 प्रत्यारोपणांचा अभ्यास 2001 साली छापून आला. सगळे दाते परके होते. दाता 18 ते 30 वर्षांचा असेल, तर पाच वर्षांनी 33 टक्के रुग्ण जिवंत होते. 31 ते 45 चा असेल तर 29 टक्के. त्यापुढचा असेल तर 25 टक्के. शंभरात आठ जीवांचा फरक! दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवण्याचा धोकाही वयाबरोबर वाढलेला दिसला. अपमान झाला म्हणणाऱ्यांनी हे आठ जीव कोणत्या खात्यावर मांडायचे ते सांगावं.

असलाच वाद पूर्वी नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींवरून झाला होता. ‘बाळाच्या नावाने पेढीत ठेवा, जन्माचा विमा झाला,’ असं छातीठोकपणे सांगितलं जाई. जन्मजात जनुकीय आजार असेल, तर बाळाच्या त्या पेशींतही तोच दोष असतो, हे तेव्हाही घसा कोरडा करून सांगावं लागलं. पेशींच्या नावावर काहीही खपवायची सवय जुनीच आहे.

मग करायचं काय? तरुणांची नोंदणी. ब्रिटनमधली एक नोंदणी तर फक्त 16 ते 30 वयाची नावं घेते. सुरुवातीला गालाच्या आतून फिरवलेला बोळा पुरतो. पुढे बहुतेकांकडून पेशी दंडातल्या रक्तातून यंत्राने वेगळ्या काढतात. आपल्या भोपाळच्या बैरागढला सिंधी वस्ती मोठी, आणि त्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त. विदर्भात सिकलसेल आहे. दोन्ही आजारांत मज्जा प्रत्यारोपणाची गरज पडू शकते. एचएलए वंशाप्रमाणे जुळतं, म्हणून इथल्या रुग्णाला इथलाच तरुण दाता सापडण्याची आशा जास्त.

ज्येष्ठांनाही यात काम आहे. जुळणी लागून नातवाला बोलावणं आलं की ‘कशाला नसती भानगड?’ असं म्हणून घरची वडीलधारी माणसंच त्याला अडवतात, दाता ऐन वेळी माघार घेतो आणि रुग्ण ताटकळतो. त्या दिवशी नातवाला दवाखान्यात घेऊन जाणारा आजोबा मज्जा न देताही एक जीव वाचवायला हातभार लावतो.