कुंपणानेच शेत खाल्ले

फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासातील १७९५ ते १७९९ हा कालखंड आपल्याकडे दोन वाक्यांत उरकला जातो. पाच संचालकांच्या मंडळाला राज्य चालविता आले नाही; मग नेपोलियन आला आणि त्याने घडी बसविली. त्यावरून तात्पर्य काढले जाते की, पाच डोकी जमली की राज्य बुडते, देशाला एकच खंबीर पुरुष हवा. कॅथॉलिक वाचकाला ते अधिकच गोड लागते; कारण ख्रिस्तमंदिरांची दारे याच पुरुषाने पुन्हा उघडली, असे सेमिनरीच्या वर्गांतही कानी पडते. माझा या तात्पर्याला स्पष्ट विरोध आहे.

रोबेस्पिएरच्या रक्तरंजित पर्वानंतर सत्ता पुन्हा एका हाती जाऊ नये म्हणून १७९५ ची राज्यघटना घडविली गेली. पाच संचालक, दरवर्षी त्यांतील एक निवृत्त, आणि कायदे करण्यास दोन सभागृहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला या रचनेत वावगे काय दिसावे? वावगे होते ते दुसरेच. नव्या सभागृहांत दोन तृतीयांश सभासद जुन्या सभेतलेच असले पाहिजेत, असे त्या सभेने जाता जाता ठरवून टाकले. मतदारावरचा अविश्वास घटनेबरोबरच जन्मला.

१७९७ च्या निवडणुकीत राजेशाहीकडे झुकणाऱ्यांना कौल मिळाला. तेव्हा तिघा संचालकांनी ४ सप्टेंबर रोजी सैन्य बोलावून सभागृहांना वेढा घातला आणि एकोणपन्नास प्रांतांतील निवडणुका रद्द केल्या. उरलेल्या दोन संचालकांपैकी कार्नो पळाले, बार्तेलेमी गियानाच्या वाटेला लागले. या कामी सेनापती ओझेरो यांना पाठविले होते ते इटलीतून खुद्द नेपोलियनने! पुढल्या वर्षी कौल डाव्यांकडे गेला. तर मे १७९८ मध्ये शंभराहून अधिक निर्वाचित प्रतिनिधींना घरी बसविण्यात आले. असे वागणाऱ्यांना दुबळे कसे म्हणावे? आपल्याच घटनेला सुरुंग लावण्याइतके ते बलवान होते.

याच मंडळाने धर्मगुरूंकडून राजेशाहीच्या द्वेषाची शपथ मागितली. द्वेषाची शपथ, आणि तीही वेदीवर उभे राहणाऱ्याने! ती न घेणारे शेकडो धर्मगुरू गियानाला अथवा रे आणि ओलेरॉन बेटांवर धाडले गेले. फेब्रुवारी १७९८ मध्ये वृद्ध पोप सहावे पायस यांना रोममधून हलविले गेले. पुढे आल्प्स ओलांडून फ्रान्समध्ये आणले गेले. २९ ऑगस्ट १७९९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, वालॉन्स येथे ते कैदेतच वारले.

आता शेवटचा अंक. संचालकपदी बसलेले सिएयेस हे मूळचे धर्मगुरू (आणि त्यांचे साथीदार तालेराँ हे एकेकाळचे बिशप; आम्हा पाळकांना हे आठवणे सुखाचे नाही). सिएयेस यांना घटना उलथण्यासाठी एक तलवार हवी होती. त्यांची पहिली निवड सेनापती झूबेर. ते ऑगस्ट १७९९ मध्ये नोव्हीच्या लढाईत पडले, म्हणून पाळी नेपोलियनची. ९ नोव्हेंबरला जॅकोबिनांच्या कटाची आवई उठवून सभागृहे पॅरिसबाहेर सँ-क्लू येथे हलविली. दुसऱ्या दिवशी नेपोलियन सभागृहात शिरताच प्रतिनिधींनी त्याचा धिक्कार केला. त्याला सावरले ते त्याचा भाऊ ल्यूस्याँ याने, आणि तो त्याच पाचशेंच्या सभेचा अध्यक्ष होता! नगारे वाजवीत शिपाई आत घुसले. प्रतिनिधींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. सांगा, यांत शेत कोणी खाल्ले? संचालकाने आणि सभाध्यक्षाने, म्हणजे कुंपणानेच. पुढे या राज्याला लोकांची संमती दाखविणारे मतांचे आकडेही गृहमंत्री बनलेल्या ल्यूस्याँच्याच खात्याने फुगविले.

राहिली चर्चवरील उपकारांची गोष्ट. १८०१ चा करार झाला, मंदिरे उघडली, हे खरे. परंतु १८०२ मध्ये पोपना न विचारता त्या कराराला जाचक कलमे जोडली गेली. १८०६ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मुलांना शिकविले जाऊ लागले की, सम्राटावर प्रेम, सैन्यात भरती आणि कर भरणे ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये होत. जुलै १८०९ मध्ये पोप सातवे पायस यांना त्याच सम्राटाच्या शिपायांनी पकडून नेले. त्यांना रोममध्ये परतण्यास १८१४ साल उजाडले.