दूध करमुक्त, गोठा नाही

‘दुधावर टॅक्स नाही, वर सरकारचं अनुदान. तुमची तर मजाच आहे राव!’ सोनई-घोडेगावकडची पोरं पुण्यात शिकायला गेली, की हे वाक्य त्यांना कधी ना कधी ऐकावं लागतंच.

दुधावर जीएसटी शून्य आहे, हे खरं. पण त्या शून्याची गंमत बघा. कारखानदार मालावर जीएसटी लावतो, तेव्हा खरेदीवर भरलेला कर त्याला वळता करून मिळतो. दूधवाल्याला ती सोय नाही. विजेवरची कडबाकुट्टी, दूध काढायचं मशीन, गायीची औषधं, सगळ्यावरचा कर त्याच्याच खिशातून जातो. सवलत पोचते ती शहरातल्या दुधाच्या पिशवीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप-लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यातलं आपल्या लिटरमागे किती आलं, ते घरी विचारा.

प्राप्तिकराचंही तसंच. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण कायद्याच्या लेखी दूधधंदा शेतीत धरत नाहीत. गावातली सहकारी दूध संस्था सभासदांचं दूध संघाला घालते, तिच्या नफ्याला प्राप्तिकरातून सूट मिळते. आणि राज्यातलं बहुतांश दूध जातं खासगी डेअऱ्यांकडे!

दूधवाल्याला खरा आधार आहे तो वेगळ्याच कराचा, आयातशुल्काचा. दूध पावडरवर ते ६० टक्के आहे. न्यूझीलंडसारखा चराऊ कुरणांचा देश आपलं बहुतेक दूध निर्यातच करतो. त्याच्या पावडरपुढे आपला चार गायींचा गोठा कसा टिकणार? नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत ‘आरसेप’ करारातून बाहेर पडला, त्यामागे दूध हे मोठं कारण होतं. जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारातूनही दूध वगळलं. भारत दार लावून बसलाय, अशी बाहेरून टीका होते. पण कॅनडासुद्धा ठरलेल्या कोट्यापलीकडच्या दुग्धपदार्थांवर २०० टक्क्यांहून जास्त शुल्क लावतो. त्यामुळे आपण लाजायचं काही कारण नाही.

माझा आक्षेप दुसराच आहे. जून २०२४ मध्ये गायीच्या दुधाचा भाव लिटरला ३० रुपयांच्याही खाली होता. नेमकी तेव्हाच केंद्राने १० हजार टन पावडर १५ टक्के शुल्कात आणायला परवानगी दिली. लगेच १ जुलैपासून राज्याने लिटरला ५ रुपये अनुदान सुरू केलं. एका हाताने देणं, दुसऱ्या हाताने बाजार घाबरवणं! खरं तर १० हजार टन म्हणजे साधारण ११ कोटी लिटर दूध, देशाच्या एका दिवसाच्या उत्पादनाहूनही कमी. पण भाव पाडायला निमित्त पुरतं. अकोले तालुक्यात कोतूळला लोक रस्त्यावर बसले ते उगाच नाही.

शुल्काची भिंत बाहेरचं दूध अडवते, आतला खरेदीदर सांभाळत नाही. सोनईतच बघा. मुळा कारखान्याला ऊस घातला, की एफआरपीचा कायदा मागे उभा असतो. त्याच घरातलं दूध डेअरीला घातलं, तर रेट रात्रीतून दोन रुपयांनी उतरू शकतो आणि जाब विचारायला कलमच नाही. दुधालाही एफआरपी द्या, ही शेतकरी संघटनांची मागणी जुनी आहे. आयातशुल्काच्या आडोशाने डेअऱ्यांचा धंदा सुरक्षित राहतो, तर किमान खरेदीदराची अट त्यांना घातलीच पाहिजे.