कड्यावरचे गिधाड, गोठ्यातली सुई



पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो. सह्याद्रीच्या अशा उभ्या कड्यांच्या कपारीत लांब चोचीचे गिधाड घरटे करते; पोट भरायला मात्र ते कोसच्या कोस उडून मेलेले ढोर शोधते. नुसता डोंगर राखून ते वाचणार नाही.

मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी अनेक राज्यांत गिधाडे मोजली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली! पाकिस्तानातल्या संशोधनातून २००४ साली कारण पुढे आले: जनावरांना टोचायचे डायक्लोफिनॅक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करते. सरकारने २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद केले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकही.

बंदीचा कागद दिल्लीत निघतो, सुई आपल्या गोठ्यात टोचली जाते. बैल दुखणाईत पडला तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडाला निर्धोक आहे. शास्त्रज्ञांनाही आमचे सांगणे आहे: मोजणीचा हिशेब इंग्रजीत छापता, तसा गावच्या सभेत मराठीत मांडा. ज्याच्या ढोरावर गिधाड जगते, त्याला विश्वासात घेतल्याशिवाय ते वाचायचे नाही.