ताणाचा उगम शोधताना

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. येथील घर नोकरीमुळे मिळते आणि निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत रिकामे करावे लागते. साठीला पोहोचताच पद, दिनक्रम, शेजार आणि छप्पर पाठोपाठ सुटतात. अशा वेळी झोप उडालेल्या माणसाला आपण प्राणायाम सुचवतो. सल्ला वाईट नाही. पण तो ताणाच्या उगमापर्यंत पोहोचत नाही.

ताणाचे उगम वेगवेगळे असतात. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या अमेरिकी संशोधकांनी आयुष्यातील ४३ घटनांना गुण दिले. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते. निवृत्ती आणि घरबदल यांनाही स्थान होते. हा झाला घटनांचा ताण. पाणी, प्रवास, हप्ते यांच्या रोजच्या कटकटींचा ताण निराळा. कामाच्या रचनेतून येणारा ताण तिसरा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. वरिष्ठाला मोठा ताण, कारकुनाला कसला, असा आपला समज. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी तो खोडून काढला. श्रेणी जितकी खालची, तितका हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. आपल्या कामावर आपलेच नियंत्रण नसणे हे त्यामागील एक कारण होते.

ताण म्हणजे आजार नव्हे. मात्र दीर्घकाळ साचलेला ताण आजाराला वाट करून देतो. आणि आजारी माणसाला आपल्याकडे उपचार क्वचितच मिळतात. ‘निम्हान्स’च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मानसिक विकार असलेल्यांपैकी, विकारागणिक, ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित होते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. ही सोय मोलाची. परंतु दूरध्वनीवरील समुपदेशक रखडलेले निवृत्तिवेतन मंजूर करू शकत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. टोकाच्या क्षणी मान्य केलेली ही जबाबदारी त्याआधीच का सुरू होऊ नये? बदलीचे आदेश शालेय वर्ष सांभाळून निघावेत, निवृत्तीची देणी घर सोडण्यापूर्वी हाती पडावीत, कनिष्ठाला कामाच्या आखणीत मत असावे. यासाठी नवे रुग्णालय लागत नाही, प्रशासनाची इच्छा तेवढी लागते.