अलिबागच्या भावात गावाचा वाटा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह निघालेला माणूस आज साधारण तासाभरात मांडव्याला उतरतो. ही रो-रो सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू वाहतुकीला खुला झाला आणि आता रेवस-करंजा खाडीपुलाचे काम हाती घेतले आहे. या प्रत्येक टप्प्याबरोबर अलिबाग तालुक्यातल्या मांडवा, आवास, सासवणे, किहीम, झिराड, नागाव या गावांतल्या जमिनीचा भाव चढत गेला. पूर्वी इथे मुंबईतल्या मोजक्या धनिकांचे सुटीचे बंगले असत. आता मोठ्या बांधकाम कंपन्या तरणतलावासह व्हिला आणि आखीव प्लॉट विकतात.

हा भाव कशामुळे चढला, हे आधी नीट पाहिले पाहिजे. समुद्र आणि पुळण कुणाच्याही खासगी मालकीची नाही. जेट्टी, पूल आणि रस्ते सरकारी पैशांतून झाले. किनाऱ्यावर दाट इमारती उठल्या नाहीत, याचे मोठे श्रेय 1991 पासून लागू असलेल्या सागरी नियमन क्षेत्राच्या नियमांना जाते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई राहिली. 2019 च्या अधिसूचनेने फक्त दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागांसाठी ही मर्यादा 50 मीटरवर आणण्याची वाट उघडली. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भातखाचरे गावकऱ्यांच्या पिढ्यांनी राखली. म्हणजे व्हिलाच्या किमतीतला मोठा हिस्सा समाजाने निर्माण केलेला आहे. त्यातले गावाला परत काय मिळते, हाच या बाजाराविषयीचा मूळ प्रश्न आहे.

जमिनीचा हा प्रश्न अलिबाग तालुक्याला नवा नाही. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावात सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो जवळपास सहा वर्षे चालला. आसपासच्या गावांतील कुळांनी शेते पडीक ठेवली, मिळेल ते काम करून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे 1948 चा कुळकायदा आला आणि कसणारा जमिनीचा मालक झाला. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येऊ नये, ही त्याच कायद्याच्या कलम 63 मधली तरतूद आहे.

आज तीच जमीन हातून जाते आहे. राज्यात अन्यत्र शेती असलेला शहरी गुंतवणूकदार कायदेशीरपणे इथे शेतजमीन घेऊ शकतो. बाकीच्यांसाठी बिनशेती झालेले प्लॉट आहेत. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्यासाठी पूर्वी परवानगी लागे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, मालकी मिळून दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरून आणि काही अटी पाळून ती विकता येते. शेतसारा मुळातच नाममात्र असल्याने ही रक्कम बाजारभावापुढे नगण्य ठरते.

विकणाऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. एका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार, पावसाळ्यातले एक भातपीक आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च एवढे समोर असताना चालून आलेला भाव नाकारायला सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. व्हिलांमुळे गवंडी, सुतार, माळी, रखवालदार, वाहनचालक यांना काम मिळते, हेही खरे आहे. पण जमिनीची रक्कम एकदाच हाती येते आणि वाटण्यांमध्ये संपते. त्यानंतर भाव वाढतच राहतो आणि ती वाढ नव्या मालकाच्या पदरात पडते. गावातल्या तरुण जोडप्याला घर बांधायला गुंठाभर जागा घेणे मात्र अशक्य होऊन बसते.

दुसरी झळ पाण्याची आहे. कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण उन्हाळ्यात किनारी गावांची मदार विहिरींवर आणि लहान धरणांवर असते. हिरवळ आणि तरणतलाव यांच्यासाठी कूपनलिकेतून बेसुमार उपसा झाला की भूजलाची पातळी खाली जाते आणि समुद्राचे खारे पाणी आत शिरते. एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. भातानंतर घेतला जाणारा, भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदाही याच जमिनीवर आणि याच पाण्यावर पिकतो.

तिसरी अडचण वाटेची. पुळण सर्वांची असली तरी तिथे पोचण्याच्या वहिवाटीच्या वाटा खासगी जमिनींमधून जातात. कुंपणे उभी राहिली की कोळी बांधवांचा होड्यांपर्यंतचा आणि गावकऱ्यांचा समुद्रापर्यंतचा रस्ता अडतो. किहीमच्या किनाऱ्यावरचा हिरे व्यापारी नीरव मोदी याचा बेकायदा बंगला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. अशी कारवाई शक्य आहे, हे त्यातून दिसले. पण उभे राहिलेले बांधकाम पाडण्याआधी ते उभे राहू न देणे शासनाचे काम आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेची गावनकाशात नोंद करून ती वाट कायद्याने मोकळी ठेवावी. तरणतलाव असलेल्या प्रत्येक बांधकामाला पाण्याचा मीटर, पावसाचे पाणी जिरवण्याची सोय आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया सक्तीची करावी. वर्षातला बहुतेक काळ बंद राहणाऱ्या दुसऱ्या घरांवर ग्रामपंचायतीला अधिक दराने घरपट्टी आकारता यावी. ग्रामीण भागातल्या खरेदीखतांवर जो 1 टक्का अधिभार घेतला जातो, त्यातला वाटा ज्या गावात व्यवहार झाला त्या गावाला वेळेवर मिळावा आणि पाणी व कचरा यांवरच खर्च व्हावा. शेतकऱ्यांनी जमीन विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी किंवा प्रकल्पात भागीदारी घ्यावी, यासाठी नमुना करार आणि कायदेशीर सल्ला तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध व्हावा. गावठाणालगतची काही जमीन स्थानिकांच्या घरांसाठी राखून ठेवावी.

यातल्या कोणत्याही उपायाने बाजार बंद पडणार नाही. उलट, गोडे पाणी, मोकळी पुळण आणि हिरवी वाडी टिकली तरच इथल्या घराला आजचा भाव राहील, हे खरेदीदार आणि विकासक यांच्याही हिताचे आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मान्य करायला लावला. त्या जमिनीच्या वाढत्या मोलात गावाचा हक्क मान्य करणे ही आता राज्य सरकारची जबाबदारी आहे, आणि रेवस-करंजा पूल खुला होऊन भावांची पुढची लाट येण्याआधी ती पार पाडली पाहिजे.