विश्लेषण : स्वतःचीच गाणी टेलर स्विफ्टला विकत का घ्यावी लागली?

अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टने पहिल्या सहा अल्बमच्या मूळ रेकॉर्डिंगची मालकी विकत घेतल्याचे ३० मे २०२५ रोजी जाहीर केले. गाणी तिने लिहिली, गायलीही तिनेच. तरीही रेकॉर्डिंग तिच्या मालकीचे नव्हते. असे का?

‘मास्टर’ म्हणजे काय?

प्रत्येक गाण्यात दोन स्वतंत्र कॉपीराइट असतात. एक शब्द आणि चालीचा, जो मुळात गीतकार-संगीतकाराचा असतो. दुसरा प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा, म्हणजे ‘मास्टर’चा. नवख्या कलाकाराच्या स्टुडिओचा आणि जाहिरातीचा खर्च रेकॉर्ड कंपनी उचलते आणि बदल्यात अनेकदा मास्टर स्वतःकडे ठेवते.

वाद कसा सुरू झाला?

स्विफ्टचे २००६ ते २०१७ मधील अल्बम ‘बिग मशीन’ या कंपनीचे होते. २०१८ मध्ये तिने कंपनी सोडली. २०१९ मध्ये स्कूटर ब्रॉन यांच्या कंपनीने बिग मशीन विकत घेतली आणि मास्टरही त्यांच्याकडे गेले. स्विफ्टने याला जाहीर विरोध केला. २०२० मध्ये हे मास्टर ‘शॅमरॉक कॅपिटल’ या गुंतवणूक कंपनीला विकले गेले.

स्विफ्टने काय केले?

करारातील बंदीची मुदत संपल्यावर तिने २०२१ ते २०२३ दरम्यान चार अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले. चित्रपट किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे, तर दोन्ही कॉपीराइटधारकांची परवानगी लागते. गीतकार असल्याने ती जुन्या रेकॉर्डिंगला नकार देऊ शकत होती. मालक कोणीही असो, तिला डावलून चालणार नव्हते. अखेर शॅमरॉककडूनच तिने मास्टर विकत घेतले.

भारतात काय स्थिती?

चित्रपटगीतांचे मास्टर बहुधा निर्माता किंवा म्युझिक कंपनीकडे असतात. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळाला. हा हक्क करार करूनही कंपनीला देता येत नाही. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला, मास्टरची मालकी मात्र नाही. शिवाय जो फक्त गातो, त्याच्याकडे शब्द-चालीचे हक्क नसतात. त्यामुळे स्विफ्टसारखा नकार देण्याची सोय त्याला नाही.

नव्या कलाकारांनी काय पाहावे?

मास्टर परत विकत घेण्याइतका पैसा फार थोड्यांकडे असतो. इतरांच्या हाती असतो तो सहीपूर्वीचा करार. स्विफ्टनेही २०१८ च्या नव्या करारात पुढील गाण्यांचे मास्टर स्वतःकडेच ठेवले. म्हणून तीन गोष्टी आधी विचारा : मास्टर कोणाच्या नावावर, किती वर्षांसाठी आणि पुन्हा रेकॉर्डिंगवर बंदी किती काळ?